ॲनालॉग स्टिक कधी बधिर, कधी उतावळी: इम्युलेटरमध्ये सेन्सिटिव्हिटी कशी जुळवायची

इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या कन्सोलचे गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, गेम सुरू होतो, चित्र आणि आवाज झकास असतात, पण पात्र हळू चालतच नाही. स्टिकला जरा बोट लागलं की थेट पळत सुटतं. किंवा अगदी उलट: स्टिक पाव भाग कलली तरी ढिम्म, आणि मग एकदम झेप. कधी अंगठा काढून घेतल्यावरही कॅमेरा आपला एका बाजूला सरकत राहतो. या सगळ्याला सरसकट ‘सेन्सिटिव्हिटीचा प्रॉब्लेम’ म्हटलं जातं आणि समोर दिसेल तो स्लायडर ओढला जातो. एक दुरुस्त होतं, दुसरं बिघडतं, आणि तासाभराने मूळ आकडा काय होता तेही आठवत नाही.

स्टिकचा आकडा गेमपर्यंत पोचेस्तोवर पाच हातांतून जातो: गेमपॅडचं सर्किट, ऑपरेटिंग सिस्टिमचा ड्रायव्हर, मधला एखादा मॅपिंग प्रोग्रॅम, इम्युलेटर आणि शेवटी गेमचा स्वतःचा कोड. यातला प्रत्येक जण आकडा कापू शकतो, ताणू शकतो. तीन जणांनी थोडं थोडं कापलं की स्टिक बधिर होते, दोघांनी ताणलं की उतावळी. म्हणून आधी कच्चा आकडा मोजायचा, मग मधले हात कमी करायचे आणि दुरुस्ती एकाच जागी, इम्युलेटरमध्ये करायची. हा क्रम पाळला तर बहुतेक गेमपॅड अर्ध्या तासात ताळ्यावर येतात.

लक्षण कोणतं आहे?

हात न लावता पात्र किंवा कॅमेरा सरकत असेल, तर तो ड्रिफ्ट. स्टिकचा मध्य शून्यावर येत नाही आणि डेडझोन, म्हणजे मध्याभोवतीचा मुद्दाम दुर्लक्षिला जाणारा भाग, तो फरक झाकायला पुरत नाही.

सुरुवातीचा बराच भाग मेलेला असेल, तर डेडझोन मोठा आहे किंवा दोन ठिकाणी लागलाय. मेलेल्या भागानंतर हालचाल शून्यापासून सुरू न होता धाडकन मोठ्या आकड्यावर जात असेल, तर डेडझोनने नुसतं कापलंय, उरलेला भाग पुन्हा ० ते १०० असा पसरवलेला नाही.

अर्ध्या कलावरच पूर्ण वेग येत असेल, तर आवाका जास्त ताणलेला आहे. पूर्ण रेटूनही पात्र पळत नसेल, तर कमी पडतोय. सरळ दिशांना ठीक पण तिरकं जाताना कमी पडत असेल, तर भानगड आवाक्याच्या आकाराची आहे. सेन्सिटिव्हिटी वाढवून ती अर्धवटच सुटते.

स्टिक सावकाश गोल फिरवताना पात्र फक्त आठ दिशांनाच वळत असेल, तर बहुधा स्टिक डी-पॅड (चार दिशांची बटणं) म्हणून जोडली गेलीय. वळतं गोल, पण वर, खाली, डावीकडे, उजवीकडे या रेषांना चिकटून राहतं, असं असेल तर डेडझोन दोन्ही अक्षांवर वेगवेगळा लागतोय.

आणखी एक गल्लत होते. हालचाल योग्य तेवढीच होते पण उशिरा होते, ते सेन्सिटिव्हिटीचं दुखणं नव्हे. ते इनपुट लॅग. स्टिक झटकन रेटून सोडून बघा. प्रतिसाद पुरेसा पण मागाहून येत असेल, तर व्ही-सिंक (चित्र स्क्रीनच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग), टीव्हीचा गेम मोड आणि वायरलेस कनेक्शन तपासा. इथले आकडे हलवून त्यात काडीचा फरक पडणार नाही.

कच्चा आकडा मोजणं

इम्युलेटर बंद करा. स्टीम चालू असेल तर तेही पूर्ण बंद करा, नुसती खिडकी मिटवून भागत नाही. मग ब्राउझरमध्ये चालणारा कुठलाही गेमपॅड टेस्टर उघडा. त्यात प्रत्येक अक्षाचा आकडा उणे १ ते अधिक १ असा दशांशात दिसतो. लिनक्सवर ‘ईव्हीटेस्ट’ वापरता येतं. ते आकड्यासोबत त्या अक्षाचा किमान-कमाल आवाकाही दाखवतं. विंडोजच्या गेम कंट्रोलर पॅनेलमध्ये नुसतं अधिकचं चिन्ह हलताना दिसतं. बारीक मोजमापाला ते पुरत नाही.

आता कागद घ्या. आधी मध्य मोजायचा. स्टिक डावीकडे पूर्ण रेटा, सोडा, थांबलेला आकडा लिहा. मग उजवीकडे, वर, खाली. प्रत्येक दिशेला किमान पाच वेळा. स्टिक सोडल्यावर दर वेळी थोड्या वेगळ्या जागी थांबते, म्हणून एकदाच बघून मध्य ठरवायचा नाही. समजा डाव्या स्टिकच्या आडव्या अक्षाने ०.०२, ०.०५, ०.०३, ०.०६ असे आकडे दिले. आपल्याला यातला सर्वांत मोठा हवा, ०.०६. त्यावर दोन-तीन टक्क्यांची मोकळीक धरली की ८ ते ९ टक्के हा या स्टिकचा डेडझोन. सवयीने २० किंवा २५ टाकायची गरज नाही.

मग कडा मोजा. चारही सरळ दिशांना पूर्ण रेटून आकडे घ्या. तीन बाजूंना १.०० आणि डावीकडे ०.९४ येत असेल, तर स्टिक डावीकडे सहा टक्के कमी पडते. १ ला ०.९४ ने भागलं की १.०६ येतात, म्हणजे सेन्सिटिव्हिटी १०६ टक्के केली तर डावी बाजूही पूर्ण पोचेल. बाकीच्या बाजू किंचित आधी पूर्ण होतील, पण तो फरक बोटाला कळत नाही.

शेवटी कोपरे. स्टिक वर-उजवीकडे तिरकी पूर्ण रेटा आणि दोन्ही अक्षांचे आकडे बघा. दोन्ही ०.७१ च्या आसपास असतील, तर स्टिकचा आवाका गोल आहे. ०.८५ च्या वर असतील, तर चौकोनाकडे झुकलेला. हा आकडा कागदावर ठळक लिहून ठेवा, पुढे त्यावर बरंच ठरणार आहे.

मधले हात कमी करा

विंडोजमध्ये विन आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘जॉय डॉट सीपीएल’ चालवा. गेमपॅड निवडा, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘सेटिंग्ज’, आणि तिथे जुनं कॅलिब्रेशन ‘रिसेट टू डिफॉल्ट’ करून टाका. कधीकाळी घाईत केलेलं चुकीचं कॅलिब्रेशन तिथे वर्षानुवर्षं पडून राहतं आणि एका बाजूचा आवाका खात राहतं. मात्र हे कॅलिब्रेशन डायरेक्टइनपुट या विंडोजच्या जुन्या पद्धतीने वाचल्या जाणाऱ्या गेमपॅडला लागतं, एक्सइनपुट या नव्या पद्धतीला नाही. एक्सबॉक्स पद्धतीचा पॅड एक्सइनपुटमधून वापरत असाल, तर इथे कितीही खटपट केली तरी इम्युलेटरमध्ये फरक दिसणार नाही.

एक्सइनपुट स्वतः कच्चा आकडा देतं, उणे ३२७६८ ते ३२७६७. मायक्रोसॉफ्टने प्रोग्रॅमरसाठी डेडझोनच्या शिफारशी दिल्यात: डाव्या स्टिकला ७८४९, उजवीला ८६८९. टक्क्यांत बघितलं तर हे जवळजवळ २४ आणि २६.५ होतात. जो प्रोग्रॅम या शिफारशी जशाच्या तशा वापरतो, त्यात स्टिकचा पाव भाग आधीच गेलेला असतो. चांगल्या स्थितीतल्या स्टिकला एवढा डेडझोन फार होतो.

स्टीम इनपुट, डीएसफोरविंडोज अशा मधल्या प्रोग्रॅमची गंमत अशी की ते खऱ्या पॅडशेजारी एक आभासी एक्सबॉक्स पॅड उभा करतात. इम्युलेटरला दोन्ही दिसतात आणि नकळत दोन्ही जोडले जातात. मग एकाच स्टिकचे दोन आकडे येतात, एक कच्चा, एक डेडझोन लावलेला. हालचाल धक्के देत होते ती यामुळे. असा प्रोग्रॅम खरंच लागत नसेल तर बंद करा. लागत असेल तर त्याचा डेडझोन शून्यावर आणा, कर्व्ह (किती कलाला किती आकडा द्यायचा तो आलेख) सरळ रेषेत ठेवा आणि खरा पॅड हिडहाइड (HidHide) या प्रोग्रॅमने लपवा.

हाच दुहेरीपणा इम्युलेटरच्या आतही होतो. पीसीएसएक्स२ (प्लेस्टेशन २) आणि डकस्टेशन (प्लेस्टेशन १) या इम्युलेटरमध्ये कंट्रोलरच्या ‘ग्लोबल सेटिंग्ज’मध्ये एसडीएल, एक्सइनपुट, डायरेक्टइनपुट असे पॅड वाचायचे वेगवेगळे इनपुट स्रोत असतात. एकच चालू ठेवा. एसडीएल बहुतेक पॅडना चांगलं पुरतं. स्रोत बदलल्यावर जुनं मॅपिंग पुसून सगळी बटणं नव्याने जोडा.

डेडझोनची बेरीज

डेडझोन दोन प्रकारे लावता येतो. अक्षनिहाय डेडझोन आडवा आणि उभा आकडा वेगवेगळा तपासतो. त्यामुळे मध्यभागी अधिकच्या चिन्हासारखा मेलेला पट्टा तयार होतो आणि जवळजवळ सरळ वर जाताना किंचित उजवीकडे वळायचं म्हटलं तर स्टिक दाद देत नाही. गोलाकार डेडझोन मध्यापासूनचं एकूण अंतर मोजतो, मेलेला भाग एक छोटं वर्तुळ राहतो आणि दिशा बिघडत नाही. पर्याय असेल तेव्हा गोलाकारच घ्या.

चांगला डेडझोन कापल्यानंतर उरलेलं पसरवतो. हिशेब साधा आहे: कच्च्या आकड्यातून डेडझोन वजा करायचा आणि १ वजा डेडझोनने भागायचं. डेडझोन ०.१० असेल आणि स्टिक ०.५५ वर असेल, तर ०.४५ भागिले ०.९०, म्हणजे ०.५०. इथे हालचाल शून्यापासून हळूहळू चढते. नुसतं कापलं असतं तर पहिलाच आकडा ०.१० आला असता आणि पात्राने धक्क्याने सुरुवात केली असती.

इम्युलेटरचा डेडझोन शून्य केला तरी गेमचा स्वतःचा उरतोच. मूळ कन्सोलची स्टिकही मध्यावर अचूक थांबत नसे, म्हणून त्या काळच्या गेममध्ये ही सोय आधीच केलेली असते. त्यावर आपला १५ टक्के चढवला की बेरीज होते. सुरुवातीच्या बधिरपणाचं हे सर्वांत मोठं कारण आहे.

निन्टेन्डो ६४: सर्वांत जास्त घोळ इथे

१९९६ च्या या कन्सोलच्या स्टिकमध्ये आजच्यासारखे पोटेन्शिओमीटर (पट्टीवर घासून कल मोजणारे भाग) नव्हते. खाचा असलेल्या दोन चकत्या आणि प्रकाशाचे सेन्सर होते, जुन्या गोळीवाल्या माउससारखे. कंट्रोलर सुरू होताना स्टिक जिथे असेल तोच शून्य. मध्य चुकला तर एल, आर आणि स्टार्ट एकत्र दाबून तो नव्याने घेता येई. आकडा साठवायला उणे १२८ ते १२७ एवढी जागा होती, पण नवी कोरी स्टिक सरळ दिशेला प्रत्यक्षात ८० ते ८५ पर्यंतच जायची. भोवतीची चौकट अष्टकोनी होती आणि कोपऱ्यात दोन्ही अक्ष ७० च्या आसपास पोचायचे.

आजच्या पॅडची पूर्ण रेटलेली स्टिक इम्युलेटरने थेट १२७ ला जोडली, तर काय होतं ते ‘सुपर मारिओ ६४’वर पाहू. हा गेम प्रत्येक अक्षाचा आकडा ८ च्या आत असेल तर सोडून देतो. त्यापुढे त्यातून ६ वजा करतो आणि एकूण अंतर ६४ वर थांबवतो. म्हणजे सरळ दिशेला ७० आला की पूर्ण धाव. कमाल १२७ असेल तर ७० हा आकडा ५५ टक्के कलावरच येतो आणि पुढचा सगळा भाग वाया जातो. कमाल ८५ असेल तर तोच आकडा ८२ टक्क्यांवर येतो. हळू चालणं, दबकत जाणं, चालणं आणि पळणं या साऱ्यांना जागा मिळते ती इथे. अरुंद फळीवरून मारिओ घसरत असेल तर आधी हा आवाका तपासा.

रेट्रोआर्च हा अनेक इम्युलेटर एकत्र चालवणारा प्रोग्रॅम, त्यातल्या प्रत्येक इम्युलेटरला कोअर म्हणतात. त्याच्या म्युपेन६४प्लस-नेक्स्ट कोअरमध्ये सेन्सिटिव्हिटी १०० टक्के म्हणजे कमाल ८०. तो आकडा बरोबर आहे, वाढवायची घाई करू नका. १०५ केलं तर ८४ होतात, तेही चालतं. १५० केलं तर १२० होतात आणि वरचा सगळा घोळ परत येतो.

त्या कोअरचा मूळ डेडझोन मात्र १५ टक्के आहे. कोअर तो कापून उरलेलं पसरवतं. त्यावर मारिओचा ८ चा डेडझोन, म्हणजे ८० तला १० टक्के. १५ अधिक उरलेल्या ८५ चा दहावा भाग, असे २३.५ टक्के मेलेले. कोअरचा डेडझोन ५ वर आणला की हीच बेरीज १४.५ होते, आणि पूर्ण धावेची जागा ८९ वरून फक्त ८८ वर सरकते. म्हणजे चालायला जवळजवळ आठ टक्के जागा फुकट मिळाली. स्टिकचा मध्य साफ असेल तर ५ च ठेवा.

या सेटिंग गेम चालू असताना ‘क्विक मेनू’, मग ‘कोअर ऑप्शन्स’ इथे मिळतात. पण रेट्रोआर्चच्या मुख्य ‘सेटिंग्ज’मध्ये ‘इनपुट’खाली आणखी एक ‘ॲनालॉग डेडझोन’ आणि ‘ॲनालॉग सेन्सिटिव्हिटी’ आहे, आणि ती सगळ्या कोअरना लागते. तिथे डेडझोन ०.० आणि सेन्सिटिव्हिटी १.० असू द्या. तिथेच दिसणारी ‘ॲक्सिस थ्रेशोल्ड’ वेगळी गोष्ट आहे: अक्षाला बटण म्हणून वापरलं तर किती कलल्यावर ते दाबलं गेलं असं मानायचं, एवढंच ती ठरवते. स्टिकच्या बारीक हालचालीशी तिचा संबंध नाही.

स्वतंत्र म्युपेन६४प्लस वापरणाऱ्यांना कॉन्फिगरेशन फाइलमध्ये, पहिल्या कंट्रोलरच्या विभागात, डेडझोनचे ४०९६ आणि पीकचे ३२७६८ असे आकडे प्रत्येक अक्षासाठी दिसतील. डेडझोन ४०९६ म्हणजे १२.५ टक्के. पीक म्हणजे कच्चा आकडा कुठे पोचल्यावर कमाल मानायची ती जागा. स्टिक काठावर ३०००० च देत असेल तर पीक ३०००० करा. पीक कमी केलं की स्टिक जास्त तीक्ष्ण होते, हे उलटं गणित लक्षात ठेवा. आणि त्याच विभागातला ‘मोड’ ० केल्याशिवाय हे काही टिकत नाही. तो १ किंवा २ असेल तर प्रोग्रॅम पॅड ओळखून स्वतःचे आकडे पुन्हा भरतो आणि तुमची मेहनत पुसली जाते.

कोपऱ्यांचं काय? गोल आवाक्याची स्टिक ८० च्या वर्तुळात तिरकी ५६-५६ पर्यंतच जाते, मूळ अष्टकोन ७०-७० द्यायचा. मारिओमध्ये हे जाणवत नाही, कारण ५६ मधून ६ गेले तरी ५०-५० चं एकूण अंतर ७० च्या वर जातं आणि ६४ ची मर्यादा ओलांडली जाते. जे गेम दोन्ही अक्ष वेगवेगळे वाचतात त्यांत मात्र तिरकी हालचाल मंद वाटते. तेवढ्या गेमपुरती सेन्सिटिव्हिटी ११५ ते १२० करा आणि कोअर ऑप्शन्सच्या व्यवस्थापनात जाऊन ती फक्त त्या गेमसाठी सेव्ह करा.

प्लेस्टेशन १ आणि २: १३३ हा आकडा येतो कुठून

डकस्टेशन आणि पीसीएसएक्स२ दोन्हींत ‘ॲनालॉग सेन्सिटिव्हिटी’ मुळातच १३३ टक्के असते. ती चूक समजून १०० करणारे बरेच असतात, आणि मग तिरकं पळताना पात्र मंदावतं. जुन्या ड्युअलशॉकची स्टिक प्रत्यक्ष काठाला टेकण्याआधीच आकड्याचा शेवट गाठायची, त्यामुळे कोपऱ्यातही दोन्ही अक्ष जवळजवळ पूर्ण भरायचे. आजची गोल आवाक्याची स्टिक कोपऱ्यात ०.७१ देते. त्याला १.३३ ने गुणलं की ०.९४ होतात. म्हणूनच नव्या कंट्रोलरसाठी १३० ते १४० ची शिफारस आहे.

याची किंमत मोजावी लागते ती सरळ दिशेला: ७५ टक्के कलावरच कमाल येते. पळण्या-उडी मारण्याच्या गेममध्ये कुणाला कळतही नाही. नेमबाजीत उजवी स्टिक अंगावर येते, रेसिंगमध्ये गाडी एकदम वळते. अशा गेमला ११० ते ११५ ठेवा. पीसीएसएक्स२ मध्ये कंट्रोलर सेटिंगमध्ये वेगळं इनपुट प्रोफाइल बनवून गेमच्या ‘प्रॉपर्टीज’मधून ते त्या गेमला लावता येतं. तुमच्या कागदावर कोपऱ्याचा आकडा ०.८५ च्या वर असेल, तर तुमची स्टिक आधीच चौकोनी आहे. तिला १३३ ची गरज नाही, ११० पुष्कळ.

प्लेस्टेशन १ च्या बाबतीत आधी गेमला ॲनालॉग माहीत आहे का ते पाहा. ड्युअलशॉक १९९७ मध्ये आला. त्याआधीचे बरेच गेम डी-पॅडवरच चालतात, आणि डकस्टेशन अशा वेळी डावी स्टिक डी-पॅड म्हणून वापरू देतं. मग आठच दिशा मिळतात, त्यात बिघाड काहीच नाही. गेमला ॲनालॉग येत असूनही आठ दिशा मिळत असतील, तर ॲनालॉग मोडचं बटण मॅप करून दाबा. रेट्रोआर्चमध्ये ‘क्विक मेनू’, ‘कंट्रोल्स’, पोर्ट १ इथे जाऊन ‘डिव्हाइस टाइप’ ड्युअलशॉक करा, कारण तिथला साधा प्लेस्टेशन कंट्रोलर डिजिटल असतो. त्याच पानावरचं ‘ॲनालॉग टू डिजिटल टाइप’ ‘नन’वर ठेवा.

डॉल्फिन: इथे स्लायडर नको, कॅलिब्रेशन करा

गेमक्यूबच्या स्टिकभोवतीही अष्टकोन होता, आणि त्याचा इम्युलेटर डॉल्फिन तुमच्या स्टिकचा आवाका त्या अष्टकोनावर बसवून देतं. या बाबतीत त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. कंट्रोलरच्या मॅपिंग खिडकीत कंट्रोल स्टिकच्या चौकटीखाली कॅलिब्रेशनचं बटण आहे. ते दाबा आणि स्टिक काठाला टेकवून सावकाश गोल फिरवा, तीन-चार फेरे. घाईत फिरवली तर काही दिशांना स्टिक काठाला लागत नाही, तिथे आकाराला खळगा पडतो, आणि त्या दिशेला स्टिक कायम उतावळी राहते. काढलेला आकार एखाद्या बाजूने चेपलेला दिसला तर पुन्हा करा. सी-स्टिकचं (उजव्या, दुसऱ्या स्टिकचं) कॅलिब्रेशन वेगळं करावं लागतं, ते हमखास विसरलं जातं.

मध्य सरकलेला असेल तर त्याच बटणाच्या मेनूत मध्यासकट कॅलिब्रेट करायचा पर्याय मिळतो. त्या क्षणी स्टिकवरून अंगठा पूर्ण उचला. त्यानंतर डेडझोन मोजलेल्या आकड्यावर आणा. एकाच दिशेला थोडी दुरुस्ती हवी असेल तर त्या दिशेच्या बटणावर राइट क्लिक करा. उघडणाऱ्या खिडकीत ‘रेंज’चा स्लायडर आहे. पण चांगलं कॅलिब्रेशन झालं असेल तर त्याला हात लावायची वेळ सहसा येत नाही. अस्सल गेमक्यूब कंट्रोलर ॲडॉप्टरवर असेल, तर तो जोडताना स्टिक मोकळी ठेवा. मध्य चुकला तर एक्स, वाय आणि स्टार्ट तीन सेकंद दाबून धरा.

पीएसपी

पीएसपीच्या पीपीएसएसपीपी या इम्युलेटरमध्ये कंट्रोल्सच्या सेटिंगमध्ये ॲनालॉग स्टिकचं वेगळं पान आहे. ‘डेडझोन रेडियस’ मोजलेल्या आकड्यावर ठेवा. ‘लो एंड रेडियस’ हे त्याच्या उलट काम करतं: स्टिक डेडझोनमधून बाहेर पडताच गेमला शून्याऐवजी हा आकडा मिळतो. गेमचा स्वतःचा डेडझोन मोठा असेल तेव्हा हे फार उपयोगी पडतं. ०.१० पासून सुरू करा आणि स्टिक किंचित हलवताच पात्र चालू लागेपर्यंत ०.०२ ने वाढवत जा. हात न लावता पात्र थरथरायला लागलं तर लो एंड कमी करू नका, डेडझोन किंचित वाढवा. ‘सर्क्युलर स्टिक इनपुट’ म्हणजे तुमची स्टिक गोल आवाक्याची आहे हे इम्युलेटरला सांगणं. कोपऱ्यात ०.७१ मिळाले असतील तर ते चालू करा, तिरकी हालचाल पूर्ण ताणली जाईल.

आकडे बरोबर, तरी स्टिक वाकडी

टेस्टरमध्ये आकडा स्थिर न राहता एका ठरावीक जागी उड्या मारत असेल, तर पोटेन्शिओमीटरचा कार्बनचा पट्टा तिथे झिजला आहे किंवा त्यावर धूळ बसली आहे. आधी स्वच्छ करून बघा. पॅड उघडा, बॅटरीची वायर काढा. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या. स्टिकच्या दोन बाजूंना हिरव्या किंवा तपकिरी चपट्या डब्या असतात, तेच पोटेन्शिओमीटर. त्यांच्या फटीत एक-दोन थेंब सोडा, स्टिक वीस-तीस वेळा गोल फिरवा आणि पंधरा मिनिटं वाळू द्या. तेल असलेला स्प्रे वापरू नका, त्यावर पुन्हा धूळ धरते. धूळ असेल तर फरक लगेच दिसतो. पट्टाच झिजला असेल तर काही दिवसांत दुखणं परत येतं.

मग मोड्यूल बदलायचा. नेहमीचा स्टिक मोड्यूल बोर्डाला १४ ठिकाणी सोल्डर केलेला असतो: दोन पोटेन्शिओमीटरचे सहा पाय, स्टिकच्या बटणाचे चार आणि धातूच्या चौकटीचे चार. चौकटीचे पाय बोर्डाच्या ‘ग्राउंड’च्या मोठ्या तांब्याच्या पट्ट्याला जोडलेले असल्याने लवकर तापत नाहीत. ते जोर लावून उपटले तर बोर्डावरच्या सोल्डरच्या तांब्याच्या टिकल्या उखडतात. जुन्या सोल्डरमध्ये आधी नवं सोल्डर मिसळा, मग ते शोषून काढा. बदलायचाच आहे तर हॉल इफेक्ट किंवा टीएमआर मोड्यूल घ्या. त्यात चुंबकाचा कोन मोजला जातो, घासणारा पट्टाच नसतो. फक्त असा मोड्यूल बसवल्यावर मध्य आणि आवाका जुन्यासारखा येत नाही, म्हणून कागदावरचे आकडे रद्द समजा आणि मोजणी पहिल्यापासून करा.

एक दुखणं मात्र डेडझोनने बरं होत नाही. स्टिक पूर्ण रेटून एकदम सोडली की पात्र क्षणभर उलट दिशेला तोंड फिरवतं. स्प्रिंगच्या जोराने स्टिक मध्य ओलांडून पलीकडे जाते आणि मग परत येते. टेस्टरमध्ये अंगठा एकदम बाजूला काढा: अक्ष १.०० वरून उणे ०.२० किंवा त्याहून पुढे जाऊन शून्यावर येताना दिसेल. हा झोका झाकायला डेडझोन २५ टक्के करावा लागेल, आणि मग हळू चालणं विसरा. स्प्रिंग सैल झाली असेल तर मोड्यूल बदला. तोवर स्टिक सोडताना अंगठा मध्यापर्यंत सोबत न्या.